रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस: सेशनला विशेष प्रावीण्य, लायसन्सिंग काठावर पास

निकाल आधी सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच वाचून निघून जातात. एका विंडोज सर्व्हरवर पाच-पन्नास माणसांना एकाच वेळी काम करू द्यायचं असेल, तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, म्हणजे आमच्या बोलीत आरडीएस, आजही घ्यावं. त्या कामाला पाचापैकी साडेचार तारे. लायसन्सच्या व्यवस्थेला मात्र दोनच, आणि त्यातला एक तारा लायसन्सिंग डायग्नोझर या छोट्याशा साधनाला आहे.

मी छोट्या आणि मध्यम ऑफिसांचे सर्व्हर सांभाळते. हिशेबाचं सॉफ्टवेअर, स्टोअरचा साठा, पगारपत्रकं, नेटवर्कवरून चालवलं की रडायला लागणारं एखादं जुनं डेटाबेस ॲप्लिकेशन, अशा कामांसाठी आरडीएस लावते. विंडोज सर्व्हरच्या २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्या हाताखालून गेल्या आहेत. शेकडो सर्व्हरांचे फार्म चालवणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात, त्यांनी हे वाचताना निम्मं सोडून द्यायला हरकत नाही.

गुण आधी. ॲप्लिकेशन सर्व्हरवरच चालतं. तारेवरून पडद्यातले बदल इकडे येतात आणि की-बोर्ड-माउस तिकडे जातो. त्यामुळे डेटाबेसची फाइल लाइनवरून ओढली जात नाही, आणि वापरणाऱ्याचा कॉम्प्युटर कितीही जुना असला तरी चालून जातं. २०१२ मध्ये आरडीपीची, म्हणजे ही ने-आण करणाऱ्या प्रोटोकॉलची, आठवी आवृत्ती आली तेव्हापासून डेटा पाठवण्याच्या टीसीपी या पद्धतीच्या जोडीला यूडीपीही आलं आणि गळक्या लाइनवरचं काम बरंच सुसह्य झालं. लाइन तुटली तरी सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं. अर्धवट भरलेलं व्हाउचर जिथल्या तिथे असतं. ‘मॅडम, माझं सगळं गेलं’ असा फोन आला की मी एवढंच सांगते, पुन्हा लॉगिन करा. पुढचा फोन सहसा येत नाही.

रिमोटॲप तर मला त्याहून आवडतं. माणसाला अख्खा दुसरा डेस्कटॉप द्यायचाच नाही, फक्त त्याच्या कामाची खिडकी द्यायची. दोन डेस्कटॉप, दोन स्टार्ट बटणं आणि ‘माझी फाइल नेमकी कुठल्या कॉम्प्युटरवर सेव्ह झाली’ हा नेहमीचा गोंधळ तिथेच मिटतो. शॅडो करून वापरणाऱ्याच्या परवानगीने त्याचंच सेशन आपल्या पडद्यावर बघता येतं, हेही मोठं सुख.

वंशावळ थोडक्यात सांगते, कारण ती दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडते. १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर एडिशन आली. अनेकांना एकाच वेळी वापरू देण्याचं मल्टिविन हे तंत्र मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सकडून घेतलं होतं. २००९ च्या सर्व्हर २००८ आर२ मध्ये टर्मिनल सर्व्हिसेसचं रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस झालं, पण पाटी तेवढी बदलली. आत अजूनही सर्व्हिसचं नाव टर्मसर्व्हिस आहे, आणि इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी बघायच्या साधनातले कामाचे लॉग टर्मिनलसर्व्हिसेस या नावाखाली असतात. नवा माणूस ‘रिमोट डेस्कटॉप’ शोधत बसतो आणि लॉगच नाहीत म्हणून हात टेकतो. तिथे लोकल सेशन मॅनेजर आणि रिमोट कनेक्शन मॅनेजर असे दोन लॉग बघायचे. पहिल्यात २१ म्हणजे लॉगिन झालं, २४ म्हणजे तुटलं, २५ म्हणजे पुन्हा जोडलं. ‘मला सारखं बाहेर फेकतंय’ ही तक्रार खरी किती आणि वैतागातून आलेली किती, हे या तीन आकड्यांवरून कळतं.

आता लायसन्स.

साध्या विंडोज सर्व्हरवर कारभारासाठी दोन रिमोट सेशन मिळतात, त्यांना वेगळं काही लागत नाही. तिसरा माणूस हवा झाला की सेशन होस्टचा, म्हणजे अनेकांची सेशन चालवणारा, रोल टाकावा लागतो, आणि रोल पडला की १२० दिवसांची सवलत सुरू होते. या काळात कॅल (दर माणशी किंवा दर यंत्रामागे घ्यायचं क्लायंट ॲक्सेस लायसन्स) नको, ते वाटणारा लायसन्स सर्व्हर नको, कितीही जण या आणि बसा. चाचणीसाठी ही सोय उदार आहे. पण ऑफिसात चाचणी आणि रोजचं काम यांच्यात रेघ कोण मारतं? सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर ज्याने बसवलं तो पुढच्या कामाला लागतो. मुदत संपत आल्याची सूचना येते, नाही असं नाही, पण ती ॲडमिनने सर्व्हरवर लॉगिन केलं तर कोपऱ्यात फुग्यासारखी येते. रोज वापरणाऱ्यांना ती दिसत नाही. आणि नीट चालणाऱ्या सर्व्हरवर ॲडमिन कशाला रोज लॉगिन करेल?

मग एका सकाळी लायसन्स द्यायला एकही लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही, अशा अर्थाचा निरोप सगळ्यांच्या पडद्यावर येतो आणि ऑफिस बसून राहतं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या कामांतली कितीतरी याच निरोपाने सुरू झाली आहेत. गंमत अशी की त्यातल्या अनेकांनी कॅल रीतसर विकत घेतलेले असतात. बिल फाइलला, लायसन्स सर्व्हर ॲक्टिव्हेट झालेला, लायसन्सिंग मॅनेजरमध्ये त्याच्यापुढे हिरवी खूण. तरी दार बंद.

कारण असं की लायसन्स सर्व्हरवर कॅल असणं आणि सेशन होस्टला ते ठाऊक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही रोल एकाच मशीनवर असले तरी वेगळ्याच. सेशन होस्टला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात: लायसन्स सर्व्हर कोणता, आणि कॅलचा प्रकार, म्हणजे मोड, पर यूजर की पर डिव्हाइस. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या जागी, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, लायसन्सिंग असं उतरत गेलं की या दोन ओळी सापडतात. डोमेन (सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती डिरेक्टरीत ठेवणारी रचना) असेल तर कनेक्शन ब्रोकरवरून, म्हणजे माणसाला योग्य सेशन होस्टकडे पाठवणाऱ्या रोलवरून, डिप्लॉयमेंटच्या प्रॉपर्टीजमध्येही हे भरता येतं. मी मात्र पॉलिसीतच भरते. कुठे काय भरलंय हे नंतर येणाऱ्याला एका जागी दिसतं, आणि ब्रोकर आजारी पडला तरी सेशन होस्टला आपला लायसन्स सर्व्हर माहीत असतो.

बंद दारातून आत शिरायची वाट ठेवलेली आहे. एमएसटीएससी, म्हणजे विंडोजमधला रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट, चालवताना पुढे ॲडमिन हा स्विच लावला की कारभाराचं सेशन मिळतं, त्याला कॅल लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे दूरच्या सर्व्हरसाठी गाडी काढून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे लायसन्सिंग डायग्नोझर उघडणं. हाच माझा एक तारा. तो सवलत संपल्याचं सांगतो, मोड ठरवलेला नाही हे सांगतो, सर्व्हर पर डिव्हाइसवर आहे पण त्या प्रकारचे कॅल तुमच्याकडे नाहीत हेही सांगतो. भाषा कोरडी असली तरी बोट बरोबर दुखऱ्या जागेवर असतं. इव्हेंट लॉगमध्ये ११२८ क्रमांक दिसला तर सवलत संपली आणि मोड ठरवायचा राहून गेला, हे नक्की. मोड नेमका काय लागला याची शंका असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लायसन्सिंग कोअरखाली लायसन्सिंगमोड बघा: २ म्हणजे पर डिव्हाइस, ४ म्हणजे पर यूजर, ५ म्हणजे काहीच ठरलेलं नाही. पॉलिसी बदलल्यावर मी सर्व्हर रीस्टार्ट करते. तशी प्रत्येक वेळी गरज नसते, पण ऑफिस बंदच पडलेलं असताना पाच मिनिटांसाठी नशिबाची परीक्षा कशाला?

पर यूजर की पर डिव्हाइस, हा प्रश्न विक्रेता घाईघाईत विचारतो आणि गिऱ्हाईक घाईघाईत उत्तर देतं. पुढची सगळी वर्षं या एका उत्तरावर जातात.

पर डिव्हाइसमध्ये कॅल यंत्राला चिकटतो. कॉम्प्युटर पहिल्यांदा जोडला की त्याला तात्पुरतं लायसन्स मिळतं, ९० दिवसांचं. त्याच यंत्रावरून पुढच्या वेळी लॉगिन झालं की पक्कं मिळतं. पक्कं म्हणजे तेही ५२ ते ८९ दिवसांमधल्या कुठल्या तरी दिवशी संपणारं, पण यंत्र वापरात असेल तर मुदतीच्या आठवडाभर आधीपासून आपोआप नवं होत राहतं. जे यंत्र भंगारात गेलं त्याचा कॅल मुदत संपली की परत पेटीत येतो. घाई असेल तर हातानेही काढून घेता येतो, पण एकूण कॅलच्या २० टक्क्यांपर्यंतच. कागदावर ही रचना हुशार आहे.

घोळ होतो कॅल कमी पडले की. पेटी रिकामी झाल्यावर येणाऱ्या नव्या यंत्राला नकार मिळत नाही, तात्पुरतं लायसन्स मिळतं. म्हणजे तुटवडा आज झाला तरी त्याचा पहिला फटका तीन महिन्यांनी बसतो. तोही सगळ्यांना एकदम बसत नाही. ज्या यंत्राचे ९० दिवस भरले ते त्या दिवशी बाहेर. आज अकाउंट्समधला एक, परवा स्टोअरमधली एक, मग आठ दिवस शांतता, मग मालकांचा लॅपटॉप. बघणाऱ्याला वाटतं नेटवर्क कुठेतरी गळतंय, केबल बदलल्या जातात, स्विच बदलला जातो. असं ‘आज याचं, उद्या त्याचं’ सुरू झालं की मी केबलला हात लावत नाही. लायसन्सिंग मॅनेजर उघडून तात्पुरत्या लायसन्सांची यादी बघते. ती लांबलचक असली की रोग तिथेच सापडतो. बंद केल्यावर सगळं विसरणारे थिन क्लायंट असतील तर ही यादी आणखी फुगते, कारण मिळालेलं लायसन्स जपून ठेवायला त्या यंत्रात जागाच नसते.

पर यूजरचा स्वभाव याच्या अगदी उलटा. कॅल माणसाला मिळतो, मग तो ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून येवो, घरच्या लॅपटॉपवरून की टॅब्लेटवरून. नोंद डोमेनच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्या यूजरच्या खात्यावर होते आणि ६० दिवसांची असते. आणि मोजणी? ती सक्तीची नाही. दहा कॅल असताना पंधरा जण आले तरी सर्व्हर कुणाला अडवत नाही. करार मात्र मोडलेला असतो, आणि हे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. लायसन्सिंग मॅनेजरमधून पर यूजरचा अहवाल काढता येतो. पण त्यासाठी लायसन्स सर्व्हर हा डिरेक्टरीतल्या टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स या गटाचा सदस्य असायला हवा. तो नसेल तर लॉगिन बिनबोभाट होतात आणि अहवाल रिकामा येतो. रिकामा अहवाल बघून ‘अरे वा, आपले सगळे कॅल शिल्लकच आहेत’ म्हणणाऱ्यांचा आनंद ऑडिटपर्यंत टिकतो.

माझी खरी तक्रार इथे आहे. मोड ठरवायचा राहिला, म्हणजे एक खूण राहिली, तर पैसे भरलेलं अख्खं ऑफिस बाहेर. कॅलपेक्षा जास्त माणसं बसवली, म्हणजे खरोखर करार मोडला, तर चकार शब्द नाही. प्रामाणिक पण विसराळू गिऱ्हाईक रस्त्यावर येतं आणि बेफिकीर गिऱ्हाईक आरामात राहतं. कडकपणा नेमका चुकीच्या टोकाला लावला आहे.

निवड कशी करायची ते सरळ आहे. पाळ्यांमध्ये काम चालतं, एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात तीन माणसं बसतात, तर पर डिव्हाइस. एका माणसाकडे दोन-तीन यंत्रं आहेत, बाहेरून काम करतो, तर पर यूजर. आणि डोमेनच नसेल, सर्व्हर वर्कग्रुपमध्ये असेल, तर प्रश्न संपला, पर डिव्हाइस. यूजरची नोंद ठेवायला तिथे डिरेक्टरीच नाही. जुन्या आवृत्त्यांवर वर्कग्रुपमध्ये पर यूजर लावून लोकांनी वर्षानुवर्षं ढकललं. २०१९ पासून ते बंद झालं. लॉगिन होतं, पण लायसन्समध्ये अडचण आहे, ६० मिनिटांनी सेशन तुटेल असा निरोप येतो, आणि साठाव्या मिनिटाला ते खरंच तुटतं.

एका ऑफिसला त्यांच्या विक्रेत्याने वर्कग्रुपवरच्या २०१९ सर्व्हरसाठी पर यूजर कॅल दिले होते. दर तासाला सगळे बाहेर, पुन्हा आत, पुन्हा तासाभराने बाहेर. विक्रेत्याचं म्हणणं, लायसन्स अस्सल आहेत, आमची जबाबदारी संपली. अस्सल होतेच, वाद तो नव्हता. शेवटी तिथे छोटं डोमेन उभं केलं आणि तेच कॅल कामी आले. प्रकार बदलून घेण्याच्या पत्रव्यवहारापेक्षा ते लवकर झालं, शिवाय पासवर्डांचा जुना गोंधळही त्यातच मिटला.

वर्कग्रुपवाल्यांची आणखी एक पंचाईत. २००८ आर२ मध्ये सेशन होस्ट कॉन्फिगरेशन नावाची साधी खिडकी होती, तिथेच लायसन्सचा मोड आणि सर्व्हर भरता यायचा. २०१२ मध्ये ती काढून टाकली. आता सर्व्हर मॅनेजरमध्ये रिमोट डेस्कटॉपवर क्लिक केलं तर डोमेन यूजरने लॉगिन करा, असं उत्तर मिळतं. मग लोकल ग्रुप पॉलिसी एवढाच रस्ता उरतो. तो चांगला चालतो, पण त्याची पाटी कुठेच लावलेली नाही.

आवृत्त्यांचा नियम एकदा पाठ करून टाकावा. कॅलची आवृत्ती सेशन होस्टइतकी किंवा त्याहून नवी हवी. लायसन्स सर्व्हरची आवृत्ती कॅलइतकी किंवा त्याहून नवी हवी. २०२२ चे कॅल २०१९ च्या सेशन होस्टवर चालतात, २०१९ चे कॅल २०२२ वर चालत नाहीत. २०१६ च्या लायसन्स सर्व्हरमध्ये २०१९ चे कॅल टाकायला गेलात तर तो घेणार नाही. म्हणून नवा सर्व्हर आणताना लायसन्सिंगचा रोल सगळ्यात नव्या मशीनवर आधी टाकायचा आणि जुन्या सेशन होस्टना तिकडे वळवायचं. आणि आरडीएस कॅल घेतला म्हणजे विंडोज सर्व्हरचा कॅल माफ होत नाही, दोन्ही लागतात. कोटेशनमध्ये यातला एक हमखास गळतो आणि मग खर्चाचा आकडा मध्येच वाढला म्हणून मालक माझ्याकडे बघतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं ऑफिस या सर्व्हरवर चालवायचं असेल तर शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशनची मुभा असलेली योजना हवी, ती प्रत्येक योजनेत नसते. तेही कोटेशनच्या वेळीच विचारून घ्या.

सगळं बरोबर असूनही एकच कॉम्प्युटर अडला, बाकी सगळे आत, तर दोष बहुधा त्या कॉम्प्युटरवरच्या साठवलेल्या लायसन्समध्ये. रजिस्ट्रीत लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट या शाखेखाली एमएसलायसन्सिंग नावाची की असते. तिचा बॅकअप घेऊन ती उडवायची आणि पुढचं लॉगिन रिमोट डेस्कटॉप ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून करायचं. दुसरा भाग बरेच जण विसरतात. साध्या यूजरला त्या शाखेत लिहायची परवानगी नसते, त्यामुळे की पुन्हा तयारच होत नाही आणि ‘उपाय करून पाहिला, लागू पडत नाही’ असा फोन येतो. याउलट लायसन्सच्या प्रोटोकॉलमध्ये चूक म्हणून बरेच क्लायंट एकदम अडले, तर सेशन होस्टवर रजिस्ट्रीच्या आरसीएम शाखेतली एक्स५०९ सर्टिफिकेटची मूल्यं बॅकअप घेऊन काढायची आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. ती नव्याने तयार होतात.

सेशन होस्ट आणि लायसन्स सर्व्हर वेगळ्या मशीनवर असतील तर मधल्या फायरवॉलकडे बघा. ३३८९ उघडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो पोर्ट क्लायंट आणि सेशन होस्ट यांच्यातला आहे. लायसन्सची बोलणी आरपीसी या वेगळ्या प्रोटोकॉलवरून होतात: १३५, आणि पुढे ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचे बदलते पोर्ट. फायरवॉलवाल्याला हा आकडा सांगितला की तो आधी हसतो, मग विचारतो, खरंच?

लायसन्सचा संबंध नसताना त्याच्या नावावर खपणाऱ्या तक्रारीही असतात. मे २०१८ च्या अपडेटनंतर क्रेडएसएसपीची (लॉगिनची माहिती सर्व्हरकडे पोचवणाऱ्या प्रोटोकॉलची) जी चूक यायची, ती क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात एकजण अपडेट झालेला आणि दुसरा न झालेला, एवढ्यामुळे. अपडेट करणं हाच उपाय होता, पण इंटरनेटवर सगळीकडे सुरक्षा ढिली करायचा सल्ला फिरत होता. २०१६ आणि २०१९ च्या सर्व्हरवर लॉगिनला काळा पडदा आणि मुका स्टार्ट मेनू, हा प्रकार तर छळवादी. प्रत्येक लॉगिनला विंडोज त्या यूजरसाठी फायरवॉलचे नियम तयार करायचं आणि बाहेर पडताना ते काढायचं नाही. नियमांचा ढीग साचत जाऊन सर्व्हर धापा टाकायला लागायचा. पुढे आलेल्या अपडेटने ते साफ करण्याची सोय दिली, पण रजिस्ट्रीत डिलीटयूजरॲपकंटेनर्सऑनलॉगऑफ हे मूल्य १ करून ती आपण चालू करायची. आधी साचलेला ढीगही आपणच उपसायचा. जुना, रोज हळू होत चाललेला २०१६ चा सर्व्हर कुणी ताब्यात दिला की मी सर्वांत आधी फायरवॉलच्या नियमांची यादी उघडते.

सुरक्षेचं एवढंच सांगते: ३३८९ इंटरनेटवर उघडा ठेवू नका. पोर्टचा आकडा बदलून ठेवणं म्हणजेही उघडा ठेवणंच. मे २०१९ मध्ये ब्लूकीप ही आरडीएसच्या सुरक्षेतली चूक जाहीर झाली तेव्हा लॉगिनच्याही आधी आत शिरता येतं हे सगळ्यांना कळलं, तरी मला अजून उघडे पोर्ट सापडतात. आरडी गेटवे, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना आत घेणारा रोल, मध्ये घाला, ते ४४३ वरून बोलतं, किंवा व्हीपीएन घाला. आणि ज्या लायसन्स सर्व्हरला सगळे सावत्र वागवतात त्यालाही अपडेट द्या. जुलै २०२४ मध्ये नेमक्या लायसन्सिंग सर्व्हिसमध्येच पासवर्डशिवाय बाहेरून कोड चालवू देणारी चूक दुरुस्त झाली, सीव्हीई-२०२४-३८०७७, गांभीर्य १० पैकी ९.८. हा रोल पुष्कळांनी डोमेन कंट्रोलरवरच, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच, टाकलेला असतो. पुढचं सांगायला नको.

आता तो प्रश्न, जो मला फोनवर हळू आवाजात विचारला जातो. रजिस्ट्रीतली ग्रेसपीरियडची, म्हणजे सवलतीची, की उडवली की पुन्हा १२० दिवस मिळतात ना? मिळतात. ऑफिस बंद पडलंय, कॅलची ऑर्डर गेली आहे, कागद यायचे आहेत, अशा वेळी लोक ते करतात हे मला ठाऊक आहे. पण दर चार महिन्यांनी आपोआप ती की उडवणारं शेड्यूल लावून दिलेले सर्व्हरही मी पाहिले आहेत, आणि ते मी तसेच ताब्यात घेत नाही. कराराचा भंग तर आहेच, शिवाय ते शेड्यूल एखाद्या अपडेटनंतर चाललं नाही की सोमवारी सकाळी फोन मला येतो, लावणाऱ्याला नाही.

पर्याय विचाराल तर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचं अझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप आहे. विंडोज १० आणि ११ ची अनेकांना एकाच वेळी वापरता येणारी आवृत्ती तिथे मिळते, जी साध्या सर्व्हरवर मिळत नाही. पण ते दरमहा मोजायचं काम आहे. ज्यांचं ॲप्लिकेशन आणि डेटा ऑफिसातच आहे, लाइन भरवशाची नाही, माणसांची संख्या ठरलेली आहे, त्यांना मी अजून आरडीएसच सुचवते. तीन-चार माणसांचं ऑफिस असेल तर दोन्ही नको. सर्व्हर, दोन प्रकारचे कॅल आणि माझी फी यापेक्षा त्यांनी ते सॉफ्टवेअर कुठल्या दुसऱ्या रूपात मिळतं का ते आधी बघावं.

घेणार असाल तर लायसन्सिंग पहिल्याच दिवशी उरका, सवलतीचा एकही दिवस न वापरता. कॅल घेताना त्या वेळी मिळणारी सगळ्यात नवी आवृत्ती घ्या, सेशन होस्ट जुना असला तरी ते त्यावर चालतात (लायसन्स सर्व्हर मात्र कॅलइतका नवा हवा) आणि पुढच्या सर्व्हरला पुन्हा खर्च पडत नाही. ॲक्टिव्हेशनच्या वेळी दिलेला करार क्रमांक किंवा लायसन्स पॅकचा कोड कागदावर छापून ठेवा, आणि तो त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवरच्या नोटपॅड फाइलमध्ये ठेवू नका. लायसन्स सर्व्हरची डिस्क गेली तर नव्या मशीनवर रोल टाकून, तो ॲक्टिव्हेट करून, लायसन्सिंग मॅनेजरमधल्या मॅनेज लायसन्सेस या विझार्डने कॅल तिकडे आणता येतात, जुना सर्व्हर मेलेला असला तरी. विझार्ड विचारतो तो क्रमांक हाताशी असेल तर ते दुपारच्या आत होतं.